वाईट वर्दीनंतर काय करायचं: अग्निशमन, १०८ आणि पोलिसांत नव्याने रुजू झालेल्यांसाठी

भरतीच्या वेळी तुमची उंची मोजतात, छाती मोजतात, पळवतात, दोरावर चढवतात. १०८ वर येणाऱ्या डॉक्टरची पदवी तपासतात, पायलटचा, म्हणजे रुग्णवाहिकेच्या चालकाचा, परवाना बघतात. पण एखाद्या वर्दीवर, म्हणजे मदतीसाठी आलेल्या बोलावण्यावर, पहिल्यांदा जळालेला माणूस उचलल्यावर त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही तर काय करायचं, हे बहुतेकांना कुणी सांगत नाही. जो तो केंद्रातल्या, ठाण्यातल्या जुन्या लोकांकडून ते शिकतो. त्यातले काही जण फार चांगलं शिकवतात. काही जण "एक क्वार्टर मार, झोप लागेल" एवढंच शिकवतात.

मी पुण्यात या लोकांसोबत समुपदेशनाचं काम करते. नव्याने आलेले जे प्रश्न विचारतात, आणि जे विचारायला लाजतात, त्यांची उत्तरं इथे क्रमाने दिली आहेत. अधिकाऱ्यांनी आणि घरच्यांनीही आपापला भाग वाचावा.

मोठी दुर्घटना आणि रोजची वर्दी

पुण्यातल्या आणि आसपासच्या बचावपथकांनी मोठं बरंच पाहिलंय. १३ फेब्रुवारी २०१० चा जर्मन बेकरीतला स्फोट, ३० जुलै २०१४ ला माळीणवर कोसळलेला डोंगर, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने घातलेला धुमाकूळ, १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात पडलेला पूल. अशा वेळी निदान विचारपूस तरी होते. साहेब येतात, वर्तमानपत्रवाले येतात, कधी सत्कार होतो, कधी एखाद्या समुपदेशकाचं व्याख्यान ठेवतात.

पण माझ्यासमोर बसलेला माणूस बहुतेक वेळा या घटनांबद्दल बोलत नाही. तो कालव्यातून काढलेल्या शाळकरी मुलीबद्दल बोलतो. तिच्या पायात एकच बूट होता, हे त्याला आठवतं. ती वर्दी संपवून गाडी परत फिरली तोच वायरलेसवर दुसरी आली होती, मांज्यात अडकलेल्या घारीची. घार सोडवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइलवर व्हिडिओ काढले. मुलीबद्दल मात्र त्याला कुणी काही विचारलं नाही, कारण कामाच्या वहीत ती एका ओळीत संपली होती.

मदतीची सगळी व्यवस्था त्या एका ओळीसाठी हवी. वर्षातून एकदा होणाऱ्या शिबिराने ती जागा भरत नाही.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात

काही वाईट घडण्याच्या आत चार गोष्टी करून ठेवा.

एक, माणूस ठरवा. आपल्याच तुकडीतला, पण आपल्यापेक्षा दोनचार वर्षं जुना. अग्निशमन दलातला तांडेल असेल, हवालदार असेल, १०८ वरचा मुरलेला पायलट असेल. त्याला सरळ सांगा, "दादा, माझ्या वाट्याला काही वाईट आलं तर तिसऱ्या दिवशी आणि महिन्याने मला एकेक फोन कराल का?" हे विचारताना कसंनुसं वाटतं. तरीही विचारा. जो हसण्यावारी नेईल तो आपला माणूस नव्हे, पुढचा बघा.

दोन, १४४१६ हा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. चोवीस तास चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आत्महत्येचा विचार आला तरच फोन करायचा, असा समज आहे तो काढून टाका. "आठ दिवस झोप नाही" एवढं कारण पुरे.

तीन, कार्यालयातल्या लिपिकाला आपल्या वैद्यकीय योजनेबद्दल विचारा. महापालिकेच्या कायम कर्मचाऱ्यांना अंशदायी वैद्यकीय सहाय्य योजना असते, पोलिसांना महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना. ठेकेदाराकडून लागला असाल आणि पगार दरमहा २१,००० रुपयांच्या आत असेल तर ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, कार्ड मागून घ्या. पुण्यात बिबवेवाडीला ईएसआयचं रुग्णालय आहे. योजना कुठलीही असो, एकच नेमका प्रश्न विचारा: मनोविकारतज्ज्ञाच्या तपासणीचे आणि औषधांचे पैसे यातून मिळतात का, आणि कुठल्या रुग्णालयात? उत्तर लिहून घ्या. गरज पडेल तेव्हा हे शोधत बसण्याइतकं त्राण अंगात नसतं.

चार, आपली आजची अवस्था एका पानावर लिहा. किती तास झोपतो, दिवसाला चहा किती, दारू घेत असाल तर आठवड्याला किती, घरी आवाज चढतो का, व्यायाम किती, मित्रांना कधी भेटतो. तारीख टाका. दर सहा महिन्यांनी पुन्हा लिहा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा. बदल इतका हळू होतो की आपला आपल्याला तो कळत नाही, पान मात्र खोटं बोलत नाही.

वर्दीवर असताना

इथे काम महत्त्वाचं, मनाचं नंतर. तरी दोनतीन गोष्टी कामाच्या ओघात जमतात.

समोर काय आहे हे आधी कळलं तर धक्का कमी बसतो. म्हणून आत जाऊन आलेल्याला विचारा. चांगला जुना माणूस न विचारताही सांगतो. एका तांडेलांचं वाक्य मला त्यांच्याच केंद्रातल्या पोराने सांगितलं: "आत दोघं आहेत, एक लहान आहे. वास येईल. तू पायाकडून धर, तोंडाकडे बघू नको, मी सांगेन तेव्हाच उचल." एवढ्यात सगळं आलं: काय दिसेल, काय करायचं, कशाकडे बघायची गरज नाही आणि सोबत कोण आहे.

कामाला लागेल तेवढंच बघा. भिंतीवरचे फोटो, शाळेचं दप्तर, पाकिटातली चिठ्ठी यांच्याकडे बघत उभं राहिलं की समोरच्या देहाला एक आयुष्य येतं आणि ते आपल्यासोबत घरी येतं. पोलिसांना हे टाळता येत नाही, कारण पंचनाम्यासाठी खिसे तपासावेच लागतात. मयताच्या खिशातला मोबाइल वाजतो, स्क्रीनवर 'आई' असं येतं. पोलिसांत नोकरी केलेल्या बहुतेकांना हा अनुभव आहे. तो फोन नव्या शिपायाने एकट्याने घेऊ नये. शेजारी जुना माणूस असावा, काय बोलायचं ते त्याने ठरवावं, आणि वस्तू नोंदवताना दोघं असावेत: एकाने बघून सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं.

आणि त्या घटनेचे व्हिडिओ नंतर व्हॉट्सॲपवर फिरत येतात, ते उघडू नका. एकदा प्रत्यक्ष बघितलंय, तेवढं पुरे.

परतल्यानंतरचे तीन दिवस

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

आधी शरीराचं बघा. हातपाय धुवा, कपडे बदला. बूट घरात नेऊ नका. वास बुटांत राहतो आणि रात्री दारातून घरभर येतो. काहीतरी गरम खा, मग तो वडापाव का असेना. जळीताच्या वर्दीनंतर काही जणांना आठवडा दोन आठवडे मटण समोर आलेलं चालत नाही. घरच्यांनी त्याचा बाऊ करू नये आणि चेष्टाही करू नये, आपोआप जातं.

मग जबरदस्तीने बोलू नका, आणि कुणाला बोलायला लावू नका. हा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा, कारण सदिच्छेने नेमकं उलट केलं जातं. अमेरिकेत पूर्वी स्वतः अग्निशमन आणि रुग्णवाहिकेवर काम केलेल्या जेफ्री मिशेल यांनी १९८३ मध्ये एक पद्धत मांडली. घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोलात बसवायचं, प्रत्येकाने काय पाहिलं, काय वाटलं ते सांगायचं. पद्धत जगभर पसरली. पुढे अशा एकाच बैठकीच्या उपचारावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा त्याने पुढचा आजार टळत नाही असं दिसलं. काही अभ्यासांत तर बैठक झालेल्यांचीच अवस्था अधिक वाईट होती. जो बाहेर होता आणि ज्याने मृतदेह पाहिला नव्हता त्याला तो दुसऱ्याच्या तोंडून पाहावा लागतो, आणि ज्याला अजून बोलायचं नाही त्याची खपली निघते. तरीही आपल्याकडे दुर्घटनेनंतर लोकांना सभागृहात कोंबून "मन मोकळं करा" म्हणणारे आहेतच. तुम्हाला अशा बैठकीत बसवलं तर बसा, पण नको असेल तर गप्प राहण्यात काहीही गैर नाही.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची साधी पुस्तिका काढली. तिचं सूत्र तीन शब्दांचं आहे: बघा, ऐका, जोडून द्या. कोण गप्प झालाय, कोणाचे हात थरथरतात, कोण जेवला नाही ते बघायचं. तो बोलला तर ऐकायचं, न टोकता. आणि त्याला जे हवंय त्याच्याशी जोडून द्यायचं, मग ते घरी सोडणारी गाडी असेल, बायकोला फोन असेल किंवा डॉक्टर. यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. केंद्रातलं संभाषण असंच असतं:

"जेवलास का?"

"नाही इच्छा."

"चहा तरी घे. घरी कोण आहे आज?"

"कोणी नाही. बायको माहेरी गेलीय."

"मग इथंच झोप, नाहीतर माझ्याकडे चल. सकाळी सोडतो."

यात 'तुला कसं वाटतंय' हा प्रश्न कुठेही नाही. तरी सगळं झालं.

पहिल्या रात्री झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठून बसा, काहीतरी हाताने करा. मोबाइलवर ठोकळे जुळवण्याचा खेळ खेळलात तरी चालेल. ही थट्टा नव्हे. ऑक्सफर्डमध्ये अपघातातून रुग्णालयात आलेल्यांवर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, काही तासांच्या आत तसा खेळ खेळलेल्यांना पुढच्या आठवड्यात नकोशी दृश्यं कमी दिसली. छोटा अभ्यास आहे, त्यावर मदार ठेवू नका, पण अपघाताच्या बातम्या चाळत बसण्यापेक्षा हा खेळ बरा.

दारूबद्दल एकदाच सांगते. दारूने डोळा लागतो हे खरं. पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते, स्वप्नं वाढतात, आणि मेंदूला जे पचवायचं असतं ते तसंच राहतं. वाईट वर्दीनंतरचे तीन दिवस तरी अजिबात नको. 'ग्रुपमध्ये बसायचं तर घ्यावीच लागते' ही अडचण मला माहीत आहे. त्यासाठी 'गोळ्या चालू आहेत' हे उत्तर वर्षानुवर्षं चालत आलंय. आणि मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या आणू नका. अल्प्राझोलमच्या जातीच्या गोळ्यांची सवय लागते, आणि आघातानंतरच्या त्रासावर त्या उपायही नाहीत.

महिनाभर काय बघायचं

पहिले काही दिवस दृश्यं डोळ्यासमोर येणं, दचकणं, चिडचिड, भूक मरणं हे सगळं होऊ शकतं आणि बहुतेकांचं उपचारांशिवाय ओसरतं. ब्रिटनच्या नौसैनिकांमध्ये रुजलेल्या एका पद्धतीत प्रशिक्षण घेतलेला सहकारीच घटनेनंतर साधारण तीन दिवसांनी आणि पुन्हा महिन्याने निवांत गप्पा मारतो, आणि दोन्ही वेळच्या अवस्थेची तुलना करतो. आपल्याला एवढं सगळं उभारायची गरज नाही. ठरवलेल्या दादाचे दोन फोन, तिसऱ्या दिवशी आणि महिन्याने, एवढ्यावर बरंच निभावतं. घटनेनंतर माणसाला आधार मिळाला की नाही, यावर पुढे तो आजारी पडेल की नाही हे बऱ्याच अंशी ठरतं, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

महिना उलटूनही पुढचं काही चालू असेल तर डॉक्टर गाठा. प्रसंग नुसता आठवत नाही तर पुन्हा घडतोय असं वाटतं. ज्या रस्त्यावर तो घडला तो रस्ता टाळून लांबच्या रस्त्याने जाता; नवले पुलावरून जाणं टाळण्यासाठी रोज वळसा घालणारा पायलट मला माहीत आहे. कुकरची शिट्टी वाजली तरी अंगावर काटा येतो. लेकरू जवळ आलं तरी काही वाटत नाही. 'मी दोन मिनिटं आधी पोचलो असतो तर' हे चक्र थांबत नाही. या सगळ्याला डॉक्टर पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक आजार, म्हणतील, नैराश्य म्हणतील किंवा आणखी काही. नाव काय ठेवायचं ते त्यांच्यावर सोडा.

एका घटनेनेच होतं असंही नाही. पुन्हा पुन्हा अशा गोष्टी हाताळल्यानेही होतं. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलं, आणि उदाहरण दिलं ते मृतांचे अवशेष गोळा करणाऱ्या बचावकर्मींचं आणि बाल अत्याचाराचे तपशील सतत ऐकणाऱ्या पोलिसांचं. तेव्हा 'माझ्यावर तर काही कोसळलं नाही, मग मला का?' हा प्रश्न स्वतःला विचारत बसू नका.

मरून जावं असं वाटत असेल तर महिन्याची वाट बघायची नाही. आजच, आत्ताच. १४४१६ लावा किंवा दादाला सांगा. ज्याच्याकडे हत्यार आहे त्याने ते काही दिवस जमा करावं, आणि सहकाऱ्याने "दे, मी ठेवतो" असं स्वतःहून म्हणावं. "तुझ्या मनात जिवाचं काही करायचं येतंय का?" असं सरळ विचारल्याने विचार नसलेल्याच्या डोक्यात तो शिरत नाही. ही भीती निराधार आहे.

पुण्यात कुठे जायचं

ससून या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. सकाळी जा, केसपेपर काढा, रांगेची तयारी ठेवा. १०८ वाल्यांना आणि पोलिसांना तिथली एक अडचण असते: सगळे ओळखतात. "काय साहेब, बॉडी घेऊन आलात का?" असं कुणीतरी विचारणारच. ते नको असेल तर येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. 'येरवड्याला गेला' याचा पुण्यात होणारा अर्थ मला ठाऊक आहे, पण बाह्यरुग्ण विभागात जाणारा माणूस औषध घेऊन दुपारी घरी येतो, बाकी काही होत नाही. खासगी मनोविकारतज्ज्ञ शहरभर आहेत. फोनवरच फी विचारा, आणि आघातानंतरच्या त्रासावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ तुमच्यासोबत आहेत का तेही विचारा.

प्रश्न दारूचा झाला असेल तर येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून हेच काम करतंय. दारू आणि आघात दोन्ही असतील तर दोन्ही ठिकाणी दोन्ही गोष्टी सांगा. एक लपवून दुसऱ्यावर उपचार होत नाहीत.

पहिल्या भेटीत लोक अडखळतात. "डोकं दुखतं" सांगतात, गोळी घेऊन परत येतात. म्हणून कागदावर चार ओळी लिहून न्या आणि कागदच पुढे करा. उदाहरणार्थ: 'मी अग्निशमन दलात आहे. दीड महिन्यापूर्वी एका आगीत लहान मूल काढलं. तेव्हापासून तीन तासांच्या वर झोप नाही. रोज दोन पेग घेतो. गाडी चालवायची ड्यूटी आहे.' शेवटची ओळ विसरू नका. काही औषधांनी सुरुवातीला गुंगी येते आणि तुमच्या हातात बंब आहे की वायरलेस, यावरून डॉक्टर औषध आणि वेळ ठरवतात.

उपचार म्हणजे नेमकं काय

दोन गोष्टी असतात, बोलण्याचे उपचार आणि औषधं.

बोलण्याचे म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. आघातावर केंद्रित वर्तनोपचारात त्या प्रसंगाकडे टप्प्याटप्प्याने, थेरपिस्टच्या सोबतीने पुन्हा बघतात, आणि 'माझ्यामुळे गेला' यासारखे चिकटलेले निष्कर्ष तपासतात. साधारण आठ ते बारा बैठका लागतात, कधी अधिक. ईएमडीआर नावाची दुसरी पद्धत आहे. तीत प्रसंग मनात धरून थेरपिस्टच्या बोटाच्या हालचालीमागे नजर फिरवायची असते. ऐकायला जादूटोण्यासारखं वाटतं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत दोन्ही आहेत. दुसऱ्या तिसऱ्या बैठकीनंतर त्रास थोडा वाढल्यासारखा वाटतो आणि बरेच जण तिथेच सोडतात. तसं होणार हे आधीच माहीत असू द्या, आणि थेरपिस्टला सांगा. त्या आठवड्यात जमलं तर रात्रपाळी बदलून घ्या.

औषधांत बहुधा सर्ट्रालिनच्या जातीची गोळी देतात. तिची नशा नसते, सवय लागत नाही. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते तेव्हा लोक "मला सूट नाही झाली" म्हणून थांबवतात. थांबवू नका, डॉक्टरांना फोन करा. आणि बरं वाटू लागलं म्हणून एकदम सोडूही नका, उतरवत आणायची असते.

पहिला डॉक्टर नाही पटला तर दुसरा बघा. पाच मिनिटांत गोळी लिहून "टेन्शन घेऊ नका" म्हणणारेही आहेत. त्यावरून सगळ्या उपचारांवर काट मारू नका.

"नोकरीवर गदा येईल का?"

हा प्रश्न दार लावून घेतल्यावर येतो, पण येतोच. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तुमच्या बाजूने बरंच बोलतो. कलम २३ नुसार तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद सोडले तर ती साहेबांना देता येत नाही. विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांच्याच धर्तीवर मानसिक आजारांचीही सोय केली पाहिजे, हे कलम २१ मध्ये आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कलम ११५ गृहीत धरतं.

व्यवहारात मात्र आजारी रजेसाठी दाखला द्यावा लागतो आणि तो टेबलाटेबलांवरून फिरतो. त्यात काय आणि किती लिहायचं हे डॉक्टरांशी आधी बोला. सुरुवातीलाच उपचार घेतला तर बहुतेकांना रजाही लागत नाही, ड्यूटी करता करता निभावतं. ज्यांच्या नोकरीवर खरोखर आलं ते मी पाहिलेले लोक उपचार घेणारे नव्हते. ते लपवत राहिले, आणि मग बंदोबस्तावर पिऊन आले किंवा कुणावर तरी हात उगारून बसले.

केंद्रप्रमुख, ठाणे अंमलदार आणि साहेबांसाठी

पैसे न लागणाऱ्या गोष्टी आधी करा. वहीत वर्दी नोंदवताना एक खूण ठरवा: लहान मूल, ओळखीचा मयत, सहकारी जखमी, जमावाचा हल्ला. खूण झाली की त्या तुकडीतल्या प्रत्येकाशी तिसऱ्या दिवशी आणि महिन्याने कुणीतरी बोलायचं, आणि कोण बोलणार ते नावानिशी लिहायचं. नव्या माणसाला लागोपाठ दोनदा मृतदेह उचलायला लावू नका. हे काम ठरावीक 'धीट' माणसावरच पडत राहतं. धीट माणूसही माणूसच असतो, त्याची पाळी बदला.

झोपेचं वेळापत्रक तुमच्या हातात आहे. विसर्जन मिरवणूक एक दिवस उलटला तरी संपत नाही, त्यानंतरच्या सकाळी हजेरी नेहमीच्या वेळेला ठेवली तर कुठल्याही समुपदेशकाचा उपयोग नाही.

जमलं तर एक मनोविकारतज्ज्ञ ठरवून ठेवा आणि त्यांना एखाद्या साध्या दिवशी केंद्रात बोलवा. व्याख्यानाला नको, चहाला. बंब दाखवा, गाडी दाखवा. पोरांनी चेहरा एकदा पाहिलेला असला की पुढे त्या दारात जाणं सोपं होतं. आणि १४ एप्रिलला, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांसाठी अग्निशमन दिन पाळतो, त्या आठवड्यात कवायती होतात, प्रात्यक्षिकं होतात. त्यातच एक तास जिवंत जवानांच्या झोपेसाठी आणि मनासाठी ठेवायला कुणाची हरकत नसावी.

घरच्यांसाठी

"आज काय झालं ते सांग" असा आग्रह धरू नका, आणि "आता विसर ते" असंही म्हणू नका. जेवण, झोप, शांतता एवढं द्या. महिनाभरानंतरही माणूस पूर्वीसारखा वाटत नसेल तर 'तू बदललास' म्हणण्याऐवजी दिसलेली गोष्ट सांगा: "तीन आठवडे झाले, तू रात्री दोनला उठून गॅलरीत बसतोस. आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी येते सोबत." सोबत येते म्हटलं की निम्मं काम होतं.

ज्यांची नोंद कुठेच होत नाही

१०८ आणि ११२ वर फोन उचलणारी मुलं घटनास्थळी जात नाहीत, म्हणून त्यांना काही होत नाही असं धरून चालतात. त्यांनी किंकाळी ऐकलेली असते, आणि पुढे काय झालं ते त्यांना कधीच कळत नाही. गाडी परतली की कंट्रोलला एक वाक्य कळवा, "पोचवला, जिवंत आहे," किंवा "नाही वाचला, पण उशीर तुमच्याकडून नव्हता."

दुसरे म्हणजे स्वयंसेवक. लोणावळा, मावळ, सिंहगड, खडकवासल्याच्या बाजूला दरीत उतरून, पाण्यात बुडी मारून मृतदेह काढणारी पोरं सोमवारी आपापल्या नोकरीवर हजर असतात. त्यांना रजा नाही, योजना नाही, हजेरीपट नाही. म्हणून मोहीम संपल्यावर दोर गुंडाळतानाच कोण कोण होतं त्याची नावं लिहा, गाडी चालवणारा आणि वर दोर धरून उभा असलेलाही त्यात घ्या. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना फोन करा, महिन्याने पुन्हा एकदा करा. जो उचलणार नाही त्याच्या घरी जा.